मान वर करू नका

चैत्र वद्य द्वितीया. सकाळी कोहळ्याचे सांडगे घातले. अंगणातल्या बाजेवर जुनं धोतर पसरलं, त्यावर ओळीने सांडगे मांडले, हात धुतले. वाळले की गोळा करताना एकेक सांडगा बोटांनी दाबून पाहीन. असं करणारी बाई सगळ्या बुलढाण्यात मी एकटीच असेन, आणि त्याला कारण आमचे शेजारी, बांधकाम खात्यातले ओव्हरसियर. ते आता इथे नाहीत, पण खोड लागली ती लागली.

त्यांचं येणं ठरलेलं असे. आधी भिंतीपलीकडे खाकरणं, मग भिंतीवर सोला टोपीचा घुमट, मग प्रश्न. "बाई, अंगण मोकळं हाय का?" मी उत्तर द्यायच्या आत ते काठी घेऊन फाटकातून आत आलेले असत. धोतर वर खोचायचे, दोन्ही तळव्यांवर फुंकर घालायचे, पायाशी ठेवलेल्या पांढऱ्या चेंडूकडे मायेने पाहायचे आणि म्हणायचे, "जमलंच समजा."

जमत नसे. एक तर काठी चेंडूच्या आधी जमिनीला लागे, मुरमाचा धुरळा उडे आणि चेंडू जागच्या जागी. नाहीतर काठी चेंडूच्या टाळक्यावर बसे आणि तो सरपटत जाऊन माझ्या रांजणावर आपटे. ओव्हरसियर रांजणाला तडा गेला का ते वाकून पाहत, चेंडू उचलून आणत, तळव्यांवर फुंकर घालत आणि पुन्हा, "आता जमलंच समजा."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामाच्या आधी त्यांचा जो भरवसा असतो तो कामानंतरही तसाच असतो, मध्ये काय झालं याचा त्याच्याशी संबंध नसतो. खात्यात कोणी विचारलं, पावसाआधी मोरी होईल का, तर हेच उत्तर. मोरी मात्र होई, हे सांगितलं पाहिजे. चेंडूचंच काय ते होत नव्हतं.

हा गोल्फ नावाचा खेळ आमच्याकडे साहेब लोकांनी आणला. गावाबाहेरच्या माळावर त्यांनी ठिकठिकाणी भोकं खणून ठेवली होती. लांबून चेंडू टोलवत न्यायचा आणि भोकात घालायचा, एवढाच खेळ. भोकाभोवतीच्या सपाट जागेला ते 'ग्रीन' म्हणत. विलायतेत तिथे हिरवळ असते म्हणे. आमच्या माळावर मार्गशीर्षानंतर शेळीला पुरेल एवढंही गवत राहत नाही, म्हणून त्यांनी तिथे वाळू पसरून तिच्यात मोटारीचं जळकं तेल कालवलं होतं. काळं, चिकट, वासाचं वर्तुळ. त्याला ग्रीन म्हणताना कोणालाही हसू येत नसे.

ही वर्तुळं सपाट करून ठेवणं ओव्हरसियरांच्या कामात येई. एकदा पोलिसांतला गोरा साहेब घोड्यावरून पडला, त्याचा खांदा निखळला, आणि इंजिनिअर साहेबाला जोडीदार उरला नाही. जवळ उभ्या असलेल्या ओव्हरसियरांच्या हातात त्याने काठी दिली. लहानपणी ज्याने विटी-दांडूत सगळ्या गावाला पदवलं आहे त्या माणसाने चेंडू असा हाणला की तो दिसेनासा झाला. साहेब खूश झाला. चेंडू भोकाजवळ गेल्यावर काय होईल, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

दर हिवाळ्यात अकोल्याच्या जोडीशी सामना असे. दोघांनी मिळून एकच चेंडू आळीपाळीने मारायचा, असा त्याचा नियम. म्हणजे साहेबाने चेंडू ग्रीनच्या काठापर्यंत आणायचा आणि ओव्हरसियरांनी तो हलकेच उचलून भोकापाशी ठेवायचा. साहेब आणत होता. ओव्हरसियर कधी धुरळा उडवत होते, कधी चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या बोरीच्या झुडपात घालत होते. साहेब पुन्हा आणत होता. संध्याकाळी बक्षिसाची ढाल अकोल्याला गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबाने त्यांना कचेरीत बोलावलं. रागावला नाही. एवढंच म्हणाला की येत्या हिवाळ्यातही असंच व्हायचं असेल तर मला दुसरा जोडीदार पाहावा लागेल, आणि मलकापूरला एक ओव्हरसियर हवाच आहे.

मलकापूर घाटाखाली. त्यांच्या बायकोला दमा. लग्नानंतरची वर्षं ती खाली मैदानात राहिली ती रात्र रात्र पाठीशी उशी लावून बसून राहिली. बुलढाण्याला बदली झाली, घाट चढून वर आली आणि पहिल्याच महिन्यात आडवी होऊन झोपली. हे मला तिनेच सांगितलं, माझ्या ओट्यावर गहू निवडताना, जणू एखाद्या दूरच्या नातेवाइकाचं सांगावं तसं. इथेही ढास लागे, पण सकाळी उठून चूल पेटवण्याइतकी ती राहत असे. मी तिला वहिनी म्हणे, ती मला बाई. मुलींच्या शाळेची मी हेडमास्तरीण, त्यामुळे गावात सगळे बाईच म्हणत. बदली होऊ नये म्हणून तिने शेगावला नवस बोलला होता. मी म्हटलं, फेडायला घाट उतरून जावं लागेल, ते पाहिलं का? तर म्हणाली, महाराजांना कळतं, थंडीत बोलावतील.

तेव्हा ओव्हरसियरांचा टोला नीट बसणं किंवा न बसणं म्हणजे वहिनींचं झोपणं किंवा न झोपणं. हे मला कळल्यावर मी अंगण दिलं. त्यांच्या स्वतःच्या अंगणात मुरूम होता. धुरळा उडाला की खिडकीतून ढास ऐकू येई. माझं अंगण सारवलेलं, आणि फाटकापाशी तेवढा मुरमाचा पट्टा. पट्ट्यावरून टोला मारायचा, चेंडू अंगणात आणायचा. अट एकच घातली की जिथे पोपडा उडेल तिथे ज्याने उडवला त्याने सारवायचं.

सरकारी ओव्हरसियर शेणाचा पोचारा घेऊन उकिडवे बसले आहेत, हे दृश्य आमच्या गल्लीने पुष्कळ दिवस पाहिलं. पण सारवत छान. एकदा सारवून झाल्यावर घरून पाणसळ घेऊन आले, अंगणात चार ठिकाणी ठेवून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुमच्या अंगणाचा उतार उलटा हाय. पावसाचं पाणी सैपाकघरात येत असन." येतच होतं. पुढच्या रविवारी त्यांनी उतार फिरवून दिला. त्या रविवारी टोला एकही मारला नाही, आणि मला वाटतं तेवढ्यापुरते ते सुखी होते.

साहेबाने त्यांना एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की चेंडू उंच उडवावा, तो मऊ हिरवळीवर पडतो आणि तिथेच बसतो. ओव्हरसियरांचा छापील अक्षरावर फार विश्वास. पळीसारख्या तिरप्या तोंडाची काठी घेऊन ते चेंडू उंच उडवायला लागले. उंच उडाला की बुलढाण्याच्या जमिनीवर पडून तो हरणासारखा उडी मारी आणि मन मानेल तिकडे जाई. एकदा माझ्या तुळशीत, एकदा कौलांवर, आणि एकदा कुठे गेला ते कळलंच नाही.

तो चेंडू त्यांनी फार शोधला. विलायती चेंडू होता, साहेबाने दिलेला. माझ्या अंगणात तेव्हा कोहळ्याचे सांडगे वाळत होते. पांढरे, गोल, खडबडीत. एक सांडगा काही केल्या वाळेना. रोज उन्हाची दिशा पाहून मी त्याला उलटा करी, बाजेच्या दक्षिण टोकाला ठेवी. वहिनींनी पाहून सांगितलं, "त्यात कोहळं जास्त झालं असन बाई, डाळ कमी पडली." मलाही तसंच वाटलं. शेवटी कंटाळून तो तसाच डब्यात टाकला. आषाढात तळायला काढला तेव्हा कळलं. कढईत पडायच्या आधी कळलं, हे नशीब. मी तो धुऊन भिंतीवरून परत दिला. ओव्हरसियर हातात घेऊन हुंगत राहिले. म्हणाले, "हिंग लय चांगला हाय बाई तुमचा."

पुस्तक मीच बंद करायला लावलं. एका सकाळी अंगण नुकतंच सारवलं होतं आणि त्यावर चेंडू पडलेल्या जागा स्पष्ट उमटल्या होत्या. उंच उडालेल्या चेंडूचे खळगे सगळीकडे, कशाचा कशाला मेळ नाही. चुकून सपाट उडालेला एकच चेंडू फाटकाच्या जवळ पडला होता आणि तिथून सरळ रेघ काढत चुलीच्या दिशेने गेला होता. मी ती रेघ दाखवली. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग घरी जाऊन दुसरी काठी घेऊन आले, कमी तिरपी, उलथण्यासारखी. त्या दिवसापासून ते चेंडू कुठे थांबेल ते पाहत नसत, पहिल्यांदा कुठे टेकेल तेवढंच ठरवत. पट्ट्याच्या कडेवर खडूची फुली करत. पाटाचं पाणी कुठे सोडलं म्हणजे कुठे पोचतं, हे ज्याला कळतं त्याला हे कळायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुस्तकाला चूक म्हणायला.

पावसाळ्यात अंगण बंद. तेव्हा ते घरात चेंडूशिवाय काठी फिरवत. वहिनींची तक्रार होती की काठी हाताशी नसली तर उलथणं घेऊन फिरवतात आणि पोळी करपते.

त्यातच काठीचा दांडा मोडला. विलायतेहून नवा यायचा तर हिवाळा जाणार. देऊळघाटचे एक सुतार चाचा आमच्या शाळेची बाकं दुरुस्त करायला आले होते. मी त्यांना भिंतीपलीकडे पाठवलं. चाचांनी काठी उलटसुलट पाहिली.

"साहेब, हे औत हाय का हत्यार?"

"खेळणं हाय."

"कोनाचं?"

"माहं."

चाचांनी एकदा ओव्हरसियरांच्या मिशांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. चार दिवसांनी दांडा बसवून आणला. बाभळीचा. कुऱ्हाडीला घालतात तसा, तेल पाजलेला, आणि चांगलाच जड. ओव्हरसियर हळहळले. पण जड काठी खांद्यापर्यंत नेता येईना, गुडघ्याएवढीच मागे जाई आणि स्वतःच्या वजनाने पुढे येई. हात आपोआप शांत झाले. चेंडू फुलीवर टेकायला लागला. दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले तर वहिनींनी सांगितलं की काल सगळे चेंडू तुमच्या उंबऱ्यापाशी गोळा झाले होते, माह्या डोळ्यानं पाह्यले. म्हणजे आता खरंच जमलं होतं.

आणि मग एका सकाळी इंजिनिअर साहेब घोड्यावरून आमच्या गल्लीतून चालला होता. भिंतीवरून त्याला टोपी दिसली, त्याने घोडा थांबवला. ओव्हरसियरांनी सलाम केला, तळव्यांवर फुंकर घातली, टोला मारला. धुरळा. दुसरा मारला. रांजण. साहेबाने घोड्याची मान वळवली आणि गेला.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मी चेंडूकडे पाहत नव्हते, त्यामुळे मला दिसलं. काठी खाली यायच्या आधीच ओव्हरसियरांचं तोंड वर गेलं होतं, साहेबाकडे. जमलं का, हे ते चेंडूला विचारत नव्हते, साहेबाच्या चेहऱ्याला विचारत होते, आणि तेही टोला बसायच्या आधी.

हे मी रोज पाहते. शाळा तपासायला बाई आल्या की आमच्या मुली पाटीकडे न पाहता त्यांच्या तोंडाकडे पाहून बेरीज करतात. भुवई जरा हलली की आलेलं उत्तर पुसतात.

मी त्यांना तसंच सांगितलं. "तुम्ही चेंडू मारत नाही. तुम्ही साहेबाचं तोंड पाहता, आणि चेंडू मध्ये येतो."

ते पायरीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "नोकरी हाय बाई. तोंड पाह्यल्याबिगर कसं कळीन?"

 मी त्यांची टोपी उचलली, पदरावरून डोक्यावर घातली आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. साहेब उभा राहतो तशी, पाय फाकून, हात मागे. म्हटलं, मारा. आणि मी पुरे म्हणेपर्यंत मान वर करू नका. चेंडू होता त्या जागी आता काय दिसतं ते मला सांगायचं.

पहिल्या दिवशी त्यांना ते जमेना. मी नुसतं "हं" म्हटलं तरी मान वर येई. मी साहेबासारखं खाकरले, वर आली. काही केलं नाही, तरीही वर आली, साहेब का बोलत नाही ते पाहायला. वहिनी भिंतीपलीकडे पाटावर उभ्या राहून पाहत होत्या. नऊवारीतला सोला टोपीवाला साहेब पाहून त्या इतक्या हसल्या की त्यांना ढास लागली. मग शिकवणी तिथेच थांबली आणि ओव्हरसियर काठी टाकून भिंतीवरून गेले. फाटकातून जाणं त्यांना सुचलं नाही.

पण दिवाळीनंतर मान खाली राहायला लागली. टोला बसे, चेंडू जाई, आणि ते जमिनीकडे पाहत सांगत, "काडी." पुढचा टोला. "गोवरीचा तुकडा." पुढचा. "मुंगी हाय बाई. लाल." मी पुरे म्हटल्यावरच ते चेंडू कुठे गेला ते पाहत, आणि पाहून दर वेळी चकित होत. गल्लीतल्या लोकांना वाटे की हेडबाईंनी ओव्हरसियरांना काही व्रत दिलं आहे.

सामना पौषातल्या एका रविवारी होता. माळाच्या कडेला निंबाखाली अर्धं गाव जमलं होतं. मी वहिनींना टांग्यात घालून घेऊन गेले. त्यांनी शाल नाकापर्यंत ओढून घेतली होती आणि शालीतून त्या मला एकच प्रश्न विचारत होत्या, "आता कोन मारून राह्यलं?" अकोल्याच्या बाजूने तिथला मोठा साहेब होता. आमच्या साहेबाच्याही वरचा, जाड, लाल, हातात रुमाल. तो चांगला खेळत होता. आमचा साहेबही खेळत होता. ओव्हरसियर दर वेळी ग्रीनच्या काठाशी जात, वाकत, आणि चेंडू जाऊन भोकापाशी बसे. माणसं टाळ्या वाजवत नव्हती. टाळ्या कधी वाजवायच्या हे कोणाला माहीत नव्हतं.

शेवटच्या भोकावर दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. आमच्या साहेबाचा चेंडू ग्रीनच्या बाहेर मुरमात, एका दगडाच्या आडोशाला गेला. आता ओव्हरसियरांची पाळी. साहेब त्यांच्या समोरच येऊन उभा राहिला, पाय फाकून, हात मागे.  वहिनींनी या वेळी कोण मारतंय ते विचारलं नाही.

त्यांनी तळव्यांवर फुंकर घातली. ओठ हलले ते आम्हाला इतक्या लांबूनही दिसलं, शब्द माहीतच होते. बाभळीचा दांडा गुडघ्याएवढा मागे गेला आणि आला. चेंडू काळ्या वर्तुळाच्या अलीकडे टेकला, एकदा उडाला, तेलकट वाळूवर रेघ काढत गेला आणि भोकात पडला.

मग सगळं निंबाखालचं गाव ओरडलं. साहेबाने टोपी उडवली. अकोल्याच्या जाड साहेबाने रुमालाने तोंड पुसलं आणि टाळ्या वाजवल्या. आणि ओव्हरसियर वाकलेले ते वाकलेलेच. मान खाली. पुरे म्हणायला मी तिथे नव्हते.

आमचा साहेब जाऊन त्यांच्या खांद्याला धरून हलवायला लागला तरी ते उठेनात. जाड साहेब जवळ आला, तोही वाकला आणि त्याने विचारलं की काय पाहतो आहेस? ओव्हरसियरांनी खात्यातल्या इंग्रजीत उत्तर दिलं, "अँट, सर. टू अँट्स." हे नंतर त्यांनीच आम्हाला सांगितलं. जाड साहेब त्या दोन मुंग्यांकडे पाहत राहिला. म्हणाला, आयुष्यात इतकं चित्त एकाग्र झालेला माणूस मी पाहिला नाही.

त्या रात्री आमच्या गल्लीत पेढे वाटले. वहिनी चांगल्या झोपल्या.

पंधरवड्याने हुकूम आला. ओव्हरसियरांची बदली अकोल्याला. मोठ्या साहेबाला पुढच्या हिवाळ्यासाठी जोडीदार हवा होता. आमच्या साहेबाने आदळआपट केली म्हणे, पण वरच्या साहेबापुढे त्यालाही तोंडाकडेच पाहावं लागलं असेल. अकोलाही घाटाखालीच, त्यापेक्षा मलकापूर परवडलं असतं. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. तिथे धडधाकट माणसालाही रात्री अंगणात पाणी शिंपडून बसावं लागतं.

ओव्हरसियर हुकूम हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले होते. वहिनी भाजी चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला केली.

"इतकं चांगलं खेळाले कोनं सांगतलं होतं तुमाले?"

ओव्हरसियरांनी हुकमाची घडी घातली. मला वाटतं त्या माणसाला भरवशाचा शब्द न सुचण्याची ती पहिलीच वेळ. मग हळूच म्हणाले, "राजीनामा देतो."

"राजीनाम्याने दमा जात नाही," मी म्हटलं. "आणि औषधाला पगार लागतो. तुम्ही जा. सरकारी घर सोडावं लागेल ते सोडा. वहिनी इथे राहतील. पूर्वेच्या खोलीत वारा चांगला येतो."

त्यांचे भाऊ सगळे घाटाखाली, वहिनींच्या माहेरी कोणी उरलेलं नाही. दुसरी सोय नव्हतीच. तरी वहिनी म्हणाल्या, "बाई, तुमाले तं घरात दुसरं मानूस सोसत नाई."

खरं आहे. विधवा झाल्यापासून मी एकटी राहत होते, आणि मला ते आवडत होतं. भांडी माझ्या जागी, झोप माझ्या वेळी. कोणी खोकलं की मला जाग येते.

"मी विचारलं नाही," मी म्हटलं. "सांगितलं आहे. भाजी चिरून घ्या, उशीर होतोय."

ते गेले त्या दिवशी मोटार दुपारची होती. ट्रंक, वळकटी, आणि गोणपाटात बांधलेल्या काठ्या टपावर चढल्या. दोर नीट आवळला नाही म्हणून त्यांनी स्वतः वर चढून आवळला. मग खाली उतरून वहिनींना पुन्हा एकदा सगळं सांगितलं. वाफारा कधी घ्यायचा, अडुळशाचा काढा किती, डॉक्टरांना केव्हा बोलवायचं. हे सगळं वहिनींना त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण त्यांनी मान हलवून हलवून ऐकून घेतलं. मला म्हणाले, शनिवारी-रविवारी जमेल तसा येत जाईन. जमलंच समजा, असं काही म्हणाले नाहीत.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. ओव्हरसियर त्याच्या शेजारी चढून बसले आणि आमच्याकडे पाहायचं सोडून त्यालाच बजावू लागले, "घाटातल्या मोठ्या वळणावर हळू घेजो रे बाबा. तिथला कठडा माह्याच हातचा हाय."

मोटार धूळ उडवत निघाली. वहिनींनी पदर नाकाशी धरला आणि पदराआड हसत होत्या की दुसरं काही, ते मी पाहिलं नाही. त्यांचा दंड धरून मी वाऱ्याच्या उलट बाजूने त्यांना घरी आणलं. त्या रात्री त्या दोनदा खोकल्या. मला दोन्ही वेळा जाग आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले. पायात वहाणा घातल्या, छत्री घेतली, दार ओढलं आणि कुलूप कडीत घातलं. मग आत परात ठेवल्याचा आवाज आला. मी कुलूप काढलं, आतल्या खुंटीला अडकवलं, दार नुसतं लोटून घेतलं आणि शाळेत गेले.